‘स्वागत आहे’ म्हणणारे आपण कोण?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘ख्रिस्ती धर्मात सर्वांचे स्वागत आहे’ हे वाक्य अलीकडे आपल्या दैनिकात दोनदा वाचनात आले. एकदा ते कौतुकाने लिहिलेले होते, एकदा संशयाने. पहिल्या लेखकाला त्यात औदार्य दिसले, तर दुसऱ्याला संख्या वाढवण्याचा डाव. दोघांचेही म्हणणे मी आदराने वाचले. परंतु उपासनेच्या आधी चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्यांच्या हाती गीतांचे पुस्तक देण्याचे काम बरीच वर्षे केलेला माणूस म्हणून मला त्या वाक्यातल्या एका शब्दाबद्दलच लिहावेसे वाटते. तो शब्द म्हणजे ‘स्वागत’. जो स्वागत करतो तो यजमान आणि ज्याचे होते तो पाहुणा. म्हणजे घर आपले, दार आपले आणि ते उघडायचे की नाही हे ठरवणेही आपल्याच हाती, असे त्या शब्दात न बोलता गृहीत धरलेले असते. पहिल्या शतकातील मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती समाजाची, जी हकीकत बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आली आहे, तिच्यात हा प्रश्न अशा रीतीने विचारलेलाच नाही. ‘यांना आत घ्यावे की नाही’ यापेक्षा ‘यांना अडवणारे आपण कोण’ हा तिथला प्रश्न आहे, आणि या दोन प्रश्नांत फार मोठे अंतर आहे.

मूळ ग्रीक मजकुरात ‘कोलुओ’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ अडवणे, मना करणे. लहान मुलांना घेऊन आलेल्या लोकांना शिष्य दटावू लागले, तेव्हा येशूने ‘त्यांना मना करू नका’ म्हटले, ते याच क्रियापदाने. पुढे यरुशलेमेहून गाझाकडे जाणाऱ्या वाटेवर ते पुन्हा भेटते. तिथे रथात बसून एक परदेशी अधिकारी यशया संदेष्ट्याचे पुस्तक मोठ्याने वाचत चालला आहे. तो कांदके राणीचा खजिनदार. त्याचे राज्य म्हणजे आजच्या सुदानातील नाईलकाठचा प्रदेश. तो षंढ आहे, आणि ‘अनुवाद’ या यहूदी नियमग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायातील नियमाप्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. एवढा लांबचा प्रवास करून तो यरुशलेमेला उपासनेसाठी आला होता. तिथे त्याला कुठवर जाऊ दिले, हे लेखक सांगत नाही. तो वाचत असलेला भाग यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला आहे. तीच गुंडाळी थोडी पुढे उलगडली की छप्पन्नावा अध्याय येतो आणि त्यात नेमके त्याच्यासारख्यांना वचन दिलेले आहे की ‘मी तर वाळलेला वृक्ष’ असे षंढाने म्हणू नये, त्याला पुत्र आणि कन्या यांच्यापेक्षाही श्रेष्ठ नाव मिळेल. वाटेत पाणी लागते. तो भाग आपल्याला उलगडून सांगणाऱ्या फिलिप्प या प्रचारकाला तो विचारतो, ‘हे पाहा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय आड येते?’ ‘आड येणे’ हे तेच क्रियापद.

या प्रश्नाला फिलिप्पाने काय उत्तर दिले? आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्याचे उत्तरच नाही. रथ थांबतो, दोघे पाण्यात उतरतात आणि बाप्तिस्मा होतो. ‘तू संपूर्ण मनापासून विश्वास धरत असशील तर योग्य आहे’ अशी अट आणि तिला त्याने दिलेला जबाब असलेले सदतिसावे वचन त्या हस्तलिखितांत आढळत नाही. म्हणून बऱ्याच आधुनिक आवृत्त्यांत ते तळटीपेत किंवा कंसात गेले आहे. हे वचनही पुष्कळ जुने आहे आणि त्यातली श्रद्धा मला परकी नाही. तरीही एखाद्या नकलकाराला हे दार काहीही न विचारता उघडलेले सहन झाले नसावे आणि त्याने तिथे एक चौकशीची खिडकी बसवली असावी, असे मला नेहमी वाटते. दारात उभे राहणाऱ्या माणसाला ती खिडकी चांगली ओळखीची असते.

आता येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट. ती पुष्कळांना ठाऊक असते, पण बहुधा चादर खाली उतरल्याच्या दृष्टांतापुरतीच. यापो येथे समुद्रकाठी कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी पेत्र उतरला होता. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध आणि त्या कामाचा दर्प यांमुळे हा व्यवसाय कमी लेखला जाई. तेव्हा विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, माणसांचे पाऊल पडण्याआधीच पेत्राचा मुक्काम थोडासा रेषेबाहेर होता. दुपारी तो धाब्यावर प्रार्थनेला चढला, त्याला भूक लागली, आणि चार कोपरे धरून खाली सोडलेल्या चादरीत यहूदी नियमाने निषिद्ध म्हणून त्याने ज्यांना कधी हात लावला नव्हता असे सगळे प्राणी दिसले. ‘मारून खा’ अशी वाणी झाली. पेत्राने नकार दिला. हे तीनदा झाले आणि तिन्ही वेळा तो आपल्या नकारावर ठाम राहिला. दृष्टांताचा अर्थ काय असेल याचा तो विचार करीत असतानाच कैसरीयाहून रोमी शताधिपती कर्नेल्य याची माणसे खाली दारात येऊन हाका मारू लागली. या कथेतले महत्त्वाचे वाक्य पुढे येते आणि वाचणारा ते सहज ओलांडून जातो: पेत्राने त्यांना आत बोलावून त्यांचा पाहुणचार केला. घर पेत्राचे नव्हते, तो स्वतःच तिथे पाहुणा होता. पाहुण्याने पाहुण्यांना आत घेतले!

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर सुमारे ५० किलोमीटरवरच्या कैसरीयाला निघाला. सहा बंधू सोबत होते, पुढे साक्षीला उपयोगी पडावेत असे. कर्नेल्याच्या घरात आप्तेष्टांची गर्दी होती. पेत्राने बोलायला सुरुवात केली. ‘देव पक्षपाती नाही हे मला आता कळून येत आहे’ असे त्याचे पहिले वाक्य. म्हणजे उपदेश करायला आलेला माणूस स्वतः काय शिकला ते सांगत होता. त्याचे भाषण संपायच्या आतच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरला. नेहमीचा क्रम उलटा झाला होता. शिक्षण नाही, सुंता नाही, बाप्तिस्माही अजून नाही, आणि देवाने मात्र आपल्या बाजूने सगळे उरकून टाकले होते. तेव्हा पेत्राने विचारले, ‘यांना पाण्याचा बाप्तिस्मा होऊ नये म्हणून कोणाच्याने मना करवेल?’ पुन्हा तेच क्रियापद. आणि यरुशलेमेला परतल्यावर जाब देताना, ‘देवाला अडवणारा मी कोण?’ असे म्हणताना पुन्हा तेच.

यरुशलेमेतल्या लोकांची तक्रार काय होती, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ‘तू त्यांना बाप्तिस्मा का दिलास’ असे त्यांनी विचारले नाही. ‘तू सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास’ असे ते म्हणाले. त्यांच्या जिवाला लागले होते ते जेवण. धर्मात येऊ देणे एक वेळ सोपे असते, पंक्तीला बसवणे अवघड जाते, हे त्या तक्रारीवरून कळते. ‘आमच्याकडे कोणीही येऊ शकतो’ असे म्हणणाऱ्या कोणत्याही मंडळीला ‘आणि आल्यावर त्याच्याबरोबर जेवता का, सोयरीक करता का’ असे विचारून पाहावे. खरे उत्तर तिथे मिळते.

पेत्राच्या बाबतीत तर हे त्याच्या हयातीतच सिद्ध झाले. अंत्युखियात यहूदी आणि विदेशी विश्वासणारे एका मेजावर जेवत असत; शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा पडले ते याच शहरात. पेत्रही तिथे त्यांच्यात जेवत असे. मग यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली आणि पेत्र हळूहळू मागे सरून वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतरही उठले आणि शेवटी बर्णबासारखा मोठ्या मनाचा माणूसही त्यांच्या ओघात वाहून गेला. प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हे सांगितले आहे आणि आपण सर्वांदेखत पेत्राला तोंडावर सुनावले, हेही लपवलेले नाही. चादर पाहिलेला, वाणी ऐकलेला, कर्नेल्याच्या घरी आत्मा उतरताना समक्ष पाहिलेला माणूस चार वजनदार पाहुणे येताच आपले ताट उचलून दुसरीकडे जातो. मला या प्रसंगाचा फार आधार वाटतो, कारण असे ताट मीही उचलले आहे. ते पुढे सांगतो.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. संकुचित यहूदी आणि उदार ख्रिस्ती असे चित्र आमच्या उपदेशांत पुष्कळदा रंगवले जाते. ते खोटे आहे आणि त्याने इतिहासात अतोनात नुकसान केले आहे. पेत्र, पौल, याकोब, बर्णबा हे सगळे यहूदीच होते आणि हा वाद एका घरातला होता. ‘माझ्या घराला सर्व राष्ट्रांचे प्रार्थनागृह म्हणतील’ हे येशूने मंदिरात उच्चारलेले वाक्य यशयाचे. दावीद राजाची पणजी रूथ मवाबी, म्हणजे परक्या देशातली, होती, हे यहूदी शास्त्रानेच जपून ठेवले. आणि ज्या यापोत पेत्र धाब्यावर चढला, त्याच बंदरातून योना संदेष्टा निनवेला जायचे टाळून तार्शीशचे जहाज पकडून पळाला होता. त्याला शत्रूच्या शहरावर दया व्हायला नको होती. त्याच्या पुस्तकाच्या शेवटी देव त्याला विचारतो की ज्यांना उजव्याडाव्या हाताचा भेद कळत नाही अशा एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि इतक्या गुराढोरांची मी पर्वा करू नये काय. योनाचे उत्तर दिलेले नाही. ही उदारता ख्रिस्ती मंडळीला वारशाने मिळाली आहे, आणि वारसा उडवून टाकण्यात तीही कमी पडलेली नाही.

सुवार्तेतला एक भाग असा आहे की जो वाचताना माझा स्वर आजही अडखळतो. सोराच्या बाजूची सुरफुनीकी, म्हणजे यहूदी नसलेली, बाई आपल्या मुलीसाठी येशूच्या पाया पडते, आणि तो म्हणतो की मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणे बरे नाही. काही टीकाकार सांगतात की तो शब्द घरातल्या लहान कुत्र्यांसाठीचा, म्हणून सौम्य आहे. काही सांगतात की ही तिच्या श्रद्धेची परीक्षा होती. असेलही. पण त्या बाईने असले काही स्पष्टीकरण मागितले नाही. मेजाखालची कुत्रीसुद्धा मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात, एवढेच ती म्हणाली. येशूने तिचे म्हणणे मान्य केले आणि ‘या बोलण्यामुळे’ तुझी मुलगी बरी झाली, असे मार्क लिहितो. विदेश्यांचा हक्क इथे एका विदेशी बाईने स्वतः वादात सिद्ध केला आणि स्वामीने तो उघडपणे कबूल केला. तिला कोणी ‘या, बसा’ म्हटलेले नव्हते.

यरुशलेमेत साधारण सन ४९च्या सुमारास जी सभा भरली तिचा निकाल थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत असतो: विदेश्यांवर सुंतेचे आणि सर्व नियमशास्त्राचे ओझे लादू नये, मूर्तीला वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून मात्र त्यांनी दूर राहावे. या चारपैकी तीन गोष्टी ताटाशी संबंधित आहेत. दोन्ही बाजूंना एकत्र जेवता यावे एवढी सोय त्या निकालाने केली, असे मला वाटते. इथे ‘आमच्यासारखे व्हा, मग बसा’ असे सांगितले नाही. पुढेही अनेक शतके मंडळी हाच फरक पुनःपुन्हा विसरत आली.

भाषेचेच पाहा. येशू अरामी बोलत असे. शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये लिहिली गेली, आणि त्याच्या तोंडचे मूळ शब्द ‘तलीथा कूम’, ‘इप्फाथा’, ‘अब्बा’ असे तुरळकच उरले. संस्थापकाची भाषा सोडून दुसऱ्याच भाषेत ज्या श्रद्धेचे मूळ ग्रंथ आहेत, ती भाषांतरातच जन्मली म्हणायची. शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे, मिसराचे, क्रेतीय आणि अरब अशा सगळ्यांनी एकच भाषा शिकल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’चा लेखक लूक लिहीत नाही. प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, असे तो लिहितो. कष्ट बोलणाऱ्याच्या जिभेला पडले. असे असूनही नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या भावांनी स्लाव्ह लोकांसाठी लिपी घडवून त्यांच्या भाषेत उपासना सुरू केली, तेव्हा व्हेनिसमधल्या धर्मगुरूंनी त्यांना घेरून विचारले की क्रुसावरचा फलक हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक या तीनच भाषांत असताना चौथी कुठून आणली. तो फलक येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताने लावलेला होता, हे बहुधा ते विसरले असावेत. आज संपूर्ण बायबल सातशेहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. त्यांपैकी प्रत्येक भाषेसाठी कोणीतरी बसून, जुळेल असा शब्द सापडेपर्यंत त्या लोकांचे बोलणे ऐकलेले आहे.

परंतु भाषेपेक्षा कातडीचा रंग अधिक जड गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये रिचर्ड ॲलन, अॅब्सलम जोन्स आणि त्यांचे काळे सोबती प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसले होते. ही जागा त्यांच्यासाठी नाही म्हणून एका विश्वस्ताने जोन्स यांना धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असे जोन्स म्हणाले. ‘नाही, आत्ताच उठा.’ प्रार्थना संपल्यावर ते सगळे एकत्र उठून बाहेर गेले, असे ॲलन यांनीच लिहून ठेवले आहे. १८१६ मध्ये स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे राहिले आणि ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. ‘हे लोक वेगळे का झाले’ असे पुढे विचारणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी मला या एका प्रसंगापलीकडे काही लागत नाही. त्याच देशात गुलामगिरीत जन्मलेल्या ऑगस्टस टोल्टन यांना एकाही कॅथलिक सेमिनरीने, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेने, प्रवेश दिला नाही. ते रोमला जाऊन शिकले आणि १८८६ मध्ये तिथेच त्यांची गुरुदीक्षा झाली.

दक्षिण आफ्रिकेतला ठराव मात्र याहून बारकाईने वाचण्यासारखा आहे. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या केपमधील धर्मसभेने १८५७ मध्ये असे ठरवले की इतर वंशांच्या विश्वासणाऱ्यांना चालू मंडळ्यांतच सामावून घेणे हे इष्ट आणि पवित्र शास्त्राला धरून आहे. तथापि ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ जिथे या कामी अडथळा येईल तिथे त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. दुर्बलता होती ती गोऱ्यांची, आणि बाहेर गेले ते काळे आणि मिश्रवंशीय! तत्त्व शाबूत ठेवून अपवाद मंजूर करण्याचा असा सुबक नमुना शोधून सापडणार नाही. १८८१ पर्यंत त्या अपवादाचे वेगळे मिशन चर्च झाले आणि १९४८ नंतर सरकारने वर्णभेदाचे धोरण राबवले, तेव्हा या विभागणीचा धार्मिक पुरावा तयारच होता. त्याच मिशन चर्चने १९८२ मध्ये बेलहार येथे कबुलीजबाबाचा मसुदा केला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. माणसामाणसांतला नैसर्गिक भेद हा देवाने ठरवलेला दुरावा आहे, ही शिकवण त्यात नाकारली आहे. ज्यांना वेगळ्या इमारतीत पाठवले होते, त्यांनीच मूळ इमारतीला तिची श्रद्धा परत शिकवली.

संशयाने लिहिणाऱ्या आपल्या लेखकाचेही म्हणणे मी टाळू इच्छित नाही. सर्व लोकांना आपले म्हणण्याच्या नावाखाली लोकांना ओढून आणल्याची उदाहरणे खरी आहेत. आठव्या शतकात फ्रँक राजा शार्लमेनने जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी जो कायदा केला, त्यात बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्युदंड होता. शार्लमेनच्याच दरबारातील विद्वान अल्क्विनने त्याला कळवले होते की श्रद्धा ही इच्छेची बाब आहे, सक्तीची नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यात धनी नोकराला म्हणतो, ‘त्यांना आग्रहाने आत आण’. या आग्रहाचा आधार घेऊन संत ऑगस्टीननेही फुटीर ख्रिस्ती लोकांवरील राजसत्तेच्या सक्तीचे समर्थन केले, हे मोठ्या माणसाचे मोठे चुकणे आहे. धर्मस्वातंत्र्याचा हक्क मानवाच्या प्रतिष्ठेतच आहे, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी अधिकृतपणे जाहीर केले; त्याला फार उशीर झाला, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. ज्या घराचे दार आतून बाहेर जाणाऱ्यालाही उघडत नाही, त्याला दार म्हणता येत नाही.

त्या दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे आणि माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. मेजवानी धन्याची, घर धन्याचे. रस्त्यांवर आणि कुंपणांपाशी जाऊन लोकांना बोलावणारा निव्वळ नोकर आहे. कोण यायचे हे त्याने ठरवायचे नाही, आणि आलेल्यांवर त्याने उपकारही मिरवायचे नाहीत. विदेश्यांना मंदिराच्या आतल्या अंगणात येण्यास बंदी करणारा आणि आल्यास होणाऱ्या मृत्यूला तोच जबाबदार राहील असे बजावणारा एक ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये यरुशलेमेत सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलाला मंदिरात लोकांनी धरले ते याच कारणाने, इफिसच्या त्रफिमाला त्याने आत नेले असावे या समजुतीने. तो पौल इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे म्हणतो, तेव्हा तुम्ही आता ‘परके आणि उपरे’ नाही, देवाच्या घरचे आहात, असेही लिहितो. पाहुणा हा शब्द तिथे बसतच नाही. घरच्या माणसाचे कोणी स्वागत करत नाही, तो नुसता येतो.

आता माझे ताट. काही वर्षांपूर्वी उपासना सुरू व्हायला पाच मिनिटे असताना एक अनोळखी गृहस्थ आले. मी त्यांना पुस्तक दिले, हसलो, ‘स्वागत आहे’ म्हणालो. ते पुढे जाऊन दुसऱ्या बाकावर बसले. त्या बाकावर नेहमी एक जुने कुटुंब बसते. तशी पाटी नाही, कुठे नोंद नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. मी जवळ जाऊन हळू आवाजात विचारले, ‘आपण जरा मागे बसाल का?’ ते काही न बोलता उठले. पहिल्या गीताचे पान त्यांनी काढून ठेवले होते. पुस्तक तसेच उघडे, पालथे बाकावर ठेवून ते मागे गेले. उपासना संपल्यावर मी शेवटच्या रांगेकडे पाहिले, तेव्हा ते तिथे नव्हते. आणि त्या दिवशी त्या कुटुंबातले कोणीही आले नव्हते. ते बाक दीड तास रिकामे होते, पालथ्या पुस्तकासह. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला ‘इथे बसा’ आणि गरिबाला ‘तिकडे उभा राहा’ म्हणणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. ते मी कितीतरी वेळा मोठ्याने वाचून दाखवले होते.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा ग्रीकमधला अगदी शेवटचा शब्द त्याच ‘कोलुओ’पासून बनलेला ‘अकोलुतोस’ हा आहे. रोममध्ये पहाऱ्यात असलेला पौल भाड्याच्या घरात दोन वर्षे राहिला आणि आपल्याकडे येणाऱ्या सर्वांना भेटत, शिकवत राहिला, असे सांगून लूक त्या शब्दावर लेखणी ठेवतो: कोणाच्याही अडवणुकीशिवाय. भाड्याचे घर, दारात शिपाई, आणि तरीही कोणी अडवलेला नाही.

आमच्याकडे दाराशेजारच्या फळ्यावर ‘सर्वांचे स्वागत आहे’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे, आणि ते पुसावे असे माझे म्हणणे नाही. पहिल्या दोन रांगांत जो आधी येईल त्याने बसावे, एवढाच एक ओळीचा ठराव मी कार्यकारी समितीपुढे दोनदा मांडला. दोन्ही वेळा ‘तत्त्वतः योग्य’ असा शेरा देऊन तो पुढच्या सभेवर ठेवण्यात आला. पुढची सभा महिनाअखेरीस आहे, आणि ठराव तिसऱ्यांदा कार्यक्रमपत्रिकेवर घालण्याविषयी मी चिटणिसांना पत्र दिले आहे.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक